परीक्षणापुरतं वाचन

“बाई, वाचून झालं!” सुकन्या धापा टाकत शाळेच्या ग्रंथालयात शिरली. नववीतल्या या मुलीने आजवर एकही पुस्तक पूर्ण केलं नव्हतं. हे मीच निवडून दिलेलं. “पण तो मुलगा शेवटी असं का वागला?”

कसं वागला, ते मला ठाऊक नव्हतं. निवृत्तीनंतर मी हौसेने ग्रंथालय सांभाळते आणि मुलांसाठीची पुस्तकं परीक्षणांच्या ब्लॉगांवरून निवडते. चार ब्लॉग वाचले की वर्गात पुस्तकावर अर्धा तास सहज बोलते. फक्त ब्लॉगवाले शेवट कधीच सांगत नाहीत.

मी चष्मा पुसला. “तुला काय वाटतं?” शिक्षिका म्हणून बत्तीस वर्षं हा प्रश्न मला तारत आला होता.

“मी आधी विचारलं, बाई.” ती माझ्याकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, “तुम्ही वाचलंच नाही ना?”

खोटं बोलले असते, तर तिने पुन्हा पुस्तकाला हात लावला नसता. “नाही गं,” मी म्हणाले.

“मग आमच्यासमोर एवढं डोळ्यांत पाणी आणून काय सांगत होतात?” पुस्तक माझ्यापुढे आपटून ती म्हणाली, “सोमवारपर्यंत वाचा. मी विचारणार आहे.”

सोमवारी प्रार्थनेआधीच मी तिला व्हरांड्यात गाठलं. “कपाळ त्याचं! बहीण वाट बघत असताना पळून जातात का असं?”

“बाई, पळाला नाही तो!” दप्तर खाली टाकून ती भांडायलाच उभी राहिली.

प्रार्थना सुरू झाली. हेडसर डोळे वटारत होते, तेही चक्क माझ्याकडे बघून.