एकेचाळिसावा दिवस

संचालक साहेबांनी स्वतः उठून खुर्ची पुढे केली, तेव्हाच काकूंनी ओळखलं की आपलं काही खरं नाही. या केंद्रात येऊन त्यांना एकेचाळीस दिवस झाले होते आणि खुर्ची आज पहिल्यांदा मिळत होती. मागोमाग पाणीही आलं, तेही काचेच्या ग्लासातून.

"काकू, नोकरी लागली म्हणून कुणी असा कोर्स अर्धवट सोडतं का?" साहेब म्हणाले. आवाजात राग नव्हता. दुःख होतं.

हे केंद्र गरजू माणसांना नोकरीसाठी तयार करायचं. काकूंनी बावीस वर्षं कपड्यांच्या कारखान्यात इस्त्री केली होती. कारखान्याला कुलूप लागलं आणि काकू गरजू झाल्या. मुलगा पाय मोडून घरी बसलेला. सगळं घर सून एकटी ओढत होती आणि त्याबद्दल चकार शब्द काढत नव्हती. काकूंना तेच लागायचं. टोमणे मारले असते तर निदान भांडता तरी आलं असतं.

म्हणून त्यांनी रुग्णालय स्वच्छतेचा नव्वद दिवसांचा कोर्स धरला. तीस शिकणाऱ्यांत पोछा एक होता. पुसण्याचा सराव कोरडाच चालायचा, कारण ओल्या फरशीवरून एकदा तपासणीला आलेले पाहुणे घसरले होते. सरावाच्या खाटेवरच्या गादीचं प्लास्टिक अजून काढलेलं नव्हतं. काढलं तर गादी मळली असती. उरलेला वेळ प्रशिक्षक सर स्वच्छतेवर बोलत, आणि बोलत मात्र छान.

परवा सर सगळ्यांना एका मोठ्या दवाखान्यात घेऊन गेले. तिथे एका पेशंटला भर कॉरिडॉरमध्ये उलटी झाली. सर नाकाला रुमाल लावून चार पावलं मागे सरले आणि अशा वेळी काय करायचं असतं ते समजावू लागले. त्यांचं समजावून होईपर्यंत काकूंचं करून झालं. त्यांनी हातमोजे मागून घेतले, आधी घाण उचलली, मग पलीकडच्या टोकापासून इंग्रजी आठाच्या आकड्यासारखा पोछा फिरवत मागे मागे आल्या. ओल्यात एकही पाऊल पडलं नाही. आठाच्या आकड्याचं चित्र केंद्राच्या भिंतीवर होतं, तेवढं श्रेय केंद्राला द्यायलाच हवं. मेट्रनबाई दारातून बघत होत्या. सोमवारी सकाळी आठला कामावर या, एवढंच त्या म्हणाल्या. उशीर झाला तर दुसरी बाई घेईन, हेही म्हणाल्या.

आज शनिवार होता. साहेबांनी काकूंना नियम समजावला. नव्वद दिवसांच्या आत जो जातो तो गळतीत जमा. मग तो घरी लोळायला जावो नाहीतर कामावर जावो. नोकरी लागायची तर ती कोर्स संपल्यावर लागली पाहिजे, आधी लागलेली मोजत नाहीत. शिवाय 'नोकरी कशी मिळवावी' हा सगळ्यात महत्त्वाचा धडा शेवटच्या पंधरवड्यात असतो. तो काकूंचा झालेलाच नव्हता.

क्लार्कबाईंनी रजिस्टर उघडलं. केंद्र सोडण्याच्या कारणांचे रकाने तीनच होते: स्थलांतर, विवाह आणि मृत्यू. त्यांनी चष्म्यावरून काकूंकडे नीट पाहिलं आणि विवाहाचा नाद सोडला.

"मृत्यू गळतीत धरत नाहीत," त्या हळूच म्हणाल्या.

"मग मला मेलेली दाखवा," काकू म्हणाल्या. "माझी काही हरकत नाही."

साहेबांनी यावर खरोखरच विचार केला. पण मृत्यूला दाखला जोडावा लागतो, आणि तो सोमवारपर्यंत मिळण्यासारखा नव्हता.

मग पोटातलं ओठावर आलं. गेल्या तुकडीत सहाजण गळाले होते. आता आणखी एक गळाला की केंद्राची मान्यता जाणार आणि मान्यतेबरोबर साहेब, सर आणि क्लार्कबाई अशा तिघांच्या नोकऱ्या. खिडकीपाशी उभ्या असलेल्या सरांचं लग्न ठरत आलं होतं. क्लार्कबाईंची मुलगी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती. साहेबांचं वय तर असं होतं, की या वयात कोण उभं करणार? एकोणपन्नास दिवसांचाच काय तो प्रश्न आहे, म्हणत क्लार्कबाई रडायलाच लागल्या. काकूंच्या एका नोकरीपायी तीन घरं उघड्यावर येणार होती.

माणसं वाईट नव्हती. पहिल्या दिवशी काकूंचा फॉर्म याच क्लार्कबाईंनी भरून दिला होता. पण मेट्रनबाई सोमवारी आठनंतर थांबणार नव्हत्या. आणि काकूंनी परवाच घरी सांगून टाकलं होतं. ऐकून सून किती तरी दिवसांनी मोकळेपणी हसली होती. ते हसू परत मागून घेणं काकूंना या जन्मी जमलं नसतं.

त्या खुर्चीतून उठल्या.

"तुमच्या पोटावर पाय द्यायचा म्हणजे मलाही बरं वाटत नाही," त्या म्हणाल्या. "मेट्रनबाईंना अजून तीन माणसं हवी आहेत. तुमच्यासाठी शब्द टाकू का?"

सर खिडकीबाहेर बघू लागले. क्लार्कबाईंचं रडणं थांबलं. साहेब उठले, दार लोटून घेतलं आणि आवाज अगदी खाली आणून त्यांनी विचारलं,

"काकू, अनुभव लागतो का हो?"