अर्धा ग्लास

“अर्धा ग्लास? आम्ही काय मागायला आलो व्हय इथं?”

बिडकीनच्या नानासाहेबांचा आवाज अख्ख्या पंगतीत घुमला. ते नवरदेवाचे मोठे चुलते. जमीन कारखान्यांना गेली तरी ऐट शाबूत होती, आणि मिशा त्याच सकाळी काळ्या केलेल्या. वाढप्याच्या हातातला जग हातातच राहिला. नवरीचे वडील हेमचंद्र पांढरे पडले.

दुष्काळाचं वर्ष. पैठण रोडवरच्या त्या मंगल कार्यालयात सांगितलेल्यापैकी निम्मेच पाण्याचे जार आले होते आणि पुरवठादाराचा फोन बंद होता. अजून दोन पंगती बसायच्या होत्या. पाणी मध्येच संपलं असतं तर नवरीला, वैदेहीला, सासरी ते जन्मभर ऐकावं लागलं असतं. अर्ध्या ग्लासाची युक्ती तिच्या मावशीची, उमाची. हवामान बदलाच्या सरकारी धोरणासाठी माणसांच्या सवयी अभ्यासणं ही उमाची नोकरी. ‘पाणी वाचवा’ची पाटी कुणी वाचत नाही, ग्लासच अर्धा भरा, असं ती बैठकांमध्ये सांगायची. बैठकांमध्ये नानासाहेब नसत.

उमा पदर सावरत पुढे झाली आणि अगदी गोड आवाजात म्हणाली, “चुकलंच आमचं. भरलेला ग्लास साठीच्या पुढच्यांसाठी ठेवलाय. त्यांना घडीघडी मागायचा त्रास नको म्हणून. तुम्ही साठी ओलांडली असेल असं या पोराला वाटलंच नाही. अरे, नानासाहेबांना भरून दे.”

नानासाहेबांनी ग्लासावर हात ठेवला. “ऱ्हाऊ दे. अर्धाच बरा.”

मग काय विचारता! त्या पंगतीत एकही म्हातारा उरला नाही. काठी टेकत आलेल्या अप्पारावांनीसुद्धा अर्धाच घेतला. भामाबाईंना ठसका लागला, तरी त्यांनी भरलेला ग्लास परत केला. उमाला हसू आवरेना. दुसरी पंगत उठली, तिसरी उठली, तरी जार शिल्लक होते.

शेवटी घरची माणसं जेवायला बसली. उमा सकाळपासून उपाशीच होती. पन्नाशीला आपल्याला अजून अवकाश आहे, हे ती कुणी न विचारताही सांगत असे. तिच्या पानासमोर जग घेऊन स्वतः नानासाहेब आले. त्यांनी तिचा ग्लास काठोकाठ भरला, एक थेंबही सांडू दिला नाही. मग सगळ्या मांडवाला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाले,

“घ्या ताई, भरून घ्या. आपल्या वयाला घडीघडी मागायचा तरास नको.”