चौदावा डबा

"डबा कुठला सांगितलास तिला?" मुकादमने सहज विचारलं. लेकीचं गाव यायला वीस मिनिटं होती आणि त्याने तिसऱ्यांदा केस विंचरायला घेतले होते.

"चौदावा," टेलर म्हणाला आणि संत्रं सोलत राहिला.

मुकादमचा कंगवा डोक्यावरच थांबला. ते दोघं तिसऱ्या डब्यात बसले होते.

टेलरच्या लक्षात यायला क्षणभर वेळ लागला. मग त्याने संत्रं बाजूला ठेवलं. "जिभेला सवयच झालीय हो. कुणी डबा विचारला की खोटाच आकडा तोंडातून जातो."

नियम मुकादमचाच होता. एकदा सांगितलेल्या डब्याशी तिघंजण पिस्तुलं घेऊन उभे राहिले होते. तेव्हापासून टोळीत कुणीही कुणाला खरा डबा सांगितला नव्हता. बायकोला नाही, सख्ख्या भावाला नाही. प्रवासात फोन जवळ ठेवायचा नाही, हाही नियम त्याचाच. या नियमांच्या जोरावर तो एकोणतीस वर्षं जिवंत राहिला होता आणि चार लोकांत ते छाती फुगवून सांगायचाही.

मुलीच्याही अटी होत्या. नऊ वर्षांत तिने बापाचं तोंड पाहिलं नव्हतं. आता तयार झाली होती ती एवढ्यावरच: गाडी दोन मिनिटं थांबते, तेवढ्यात नातीला खिडकीतून बघून घ्यायचं. खाली उतरायचं नाही, घरी यायचं नाही, पुन्हा विचारायचं नाही.

"चूक झाली, मुकादम. दोन शिव्या तरी द्या."

"तुला कशाला देऊ? शिकवलं कुणी?" म्हणत मुकादम उठला आणि गुडघा धरून चालायला लागला. टेलर मागोमाग निघाला.

ज्याचं नाव ऐकून बाजारातली दुकानं धडाधड बंद व्हायची, तो आज "जरा सरका हो, जरा सरका" करत लोकांच्या बॅगा आणि पाय ओलांडत होता. कुणी सरकत होतं, कुणी नाही. सहाव्या डब्यात एका बाईने त्याची घाई पाहून मायेने सांगितलं, "आजोबा, बाथरूम मागच्या बाजूला आहे." आजोबा हा शब्द त्याने स्वतःसाठी आज पहिल्यांदाच ऐकला. त्याला तिथंच खाली बसावंसं वाटलं, पण तो पुढे निघाला.

नवव्या डब्याच्या टोकाला स्वयंपाकाचा डबा लागला आणि त्याचं शटर कुलूप लावून बंद केलेलं होतं. टेलरने दोन्ही हातांनी ते हलवून पाहिलं. पलीकडे भांडी वाजत होती, पण कुणी आलं नाही. तेवढ्यात गाडीचा वेग कमी झाला.

गाडी थांबली तसं मुकादमने दार उघडलं. पाच डबे पुढे ती उभी होती. अंगाने भरली होती, पण मान वाकडी करून बघायची लकब तीच. कडेवरच्या मुलीला ती एकेका खिडकीशी उंच धरत होती, आत डोकावत होती आणि पुढच्या खिडकीकडे जात होती.

त्याने एक पाय पायरीवर ठेवला. मग तिची अट आठवली आणि पाय तिथंच राहिला. निदान हाक मारावी, म्हणून त्याने तोंड उघडलं. पण फलाटावर कुणाला नावाने हाक मारायची नाही, हेही त्यानेच सगळ्यांच्या डोक्यात भरवलं होतं. एवढ्या वर्षांनी घसा ऐकेना. आपण जिवंत राहिलो ते नेमकं कशासाठी, असं त्याला वाटून गेलं.

"मी उतरतो, मला ओळखेल ती," टेलर म्हणाला.

"नको. तुला बघितलं तर पळून जाईल."

शिट्टी झाली. गाडी हलली आणि मुकादमला घेऊन तिच्याच दिशेने निघाली. चौदावा डबा पुढे गेला तशी ती त्या डब्याकडे बघत चार पावलं धावली आणि थांबली. मुकादमचं दार तिच्या मागून गेलं तेव्हा तिची त्याच्याकडे पाठ होती.

खांद्यावरून नात मात्र मागे बघत होती. तिने आजोबाला हात हलवून टाटा केला. त्याच्या मागच्या डब्यालाही तसाच केला.