बिनतांब्याची वायर

सैतलवीने वायरच्या टोकाला बोट लावलं. अँप्लिफायर गप्प. चाळीस वर्षं त्याची हीच परीक्षा होती. टोकाला बोट लावायचं, कर्ण्यातून घुर्र आलं की वायर जिवंत. या वायरने नुसतं बोट लाल उजळलं. सोबत आलेल्या डबीत घालावी तर नीट बसतही नव्हती.

"मेलेली पाठवलीय," तो पुटपुटला.

सव्वापाच झाले होते. साडेपाचला सामना. त्याची एकुलती लेक रम्सीना आज पहिल्यांदाच टीव्हीवर फुटबॉलचं समालोचन करणार होती. बायकोला, पातुम्मायीला, दिसत नव्हतं. नव्या चपट्या टीव्हीचा आवाज तिला पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा वाटे. "त्यात माझी पोर मला ओळखूच यायची नाही," म्हणून तिने आठवडाभर जीव खाल्ला होता. शेवटी लेकीनेच ही वायर आणि काडेपेटीएवढी डबी धाडली. टीव्हीचा आवाज डबीत, डबीतून उप्पाच्या, म्हणजे बापाच्या, जुन्या अँप्लिफायरमध्ये. तिने फोनवर सांगितलं तसं सैतलवीने टीव्हीत आवाजाची वाट बदलली, आणि तेव्हापासून टीव्हीही मुका झाला.

"अहो, कुणाला तरी बोलवा."

"अख्ख्या अरीकोडमध्ये मैदानावर कर्णे मीच लावले. मला कोण शिकवणार?"

"मैदानावर लावलेत. घरात काही लागेना."

त्याला ते झोंबलं. त्याने वायर दातात धरली आणि सवयीने साल सोलली. आत तांबं नव्हतंच. गळाच्या दोरीसारखा प्लॅस्टिकचा एक धागा होता, तोही कट्कन तुटला. मग तो रिमोटची बटणं दाबत सुटला, पण आवाजाची जुनी वाट काही सापडेना. पाठीवर सदरा चिकटला होता.

पडद्यावर खेळाडू मैदानात उतरले. समालोचक काही दिसत नव्हते.

"सुरू झालं?"

"झालं."

"मग काय म्हणतेय ती?"

सैतलवीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खरं सांगायला तोंड उघडलं, पण ते काही त्याच्याने बोलवेना.

"पांढऱ्यांकडे चेंडू," तो म्हणाला. "डावीकडून मुन्नास निघालाय. एकाला चकवलं. दुसऱ्यालाही."

आवाज आधी घोगरा निघाला. मग हळूहळू जीपवर माईक धरून सामने पुकारायचा तो जुना आवाज वर आला. पातुम्मायीने खुर्ची पुढे ओढली. गोल हुकला तेव्हा तिने मांडीवर थाप मारली.

मध्यंतरात फोन वाजला.

"उप्पा, वायरच्या टोकावरची टोपी काढलीत ना? ती राहिली की वायर बसत नाही आणि उजेडातून जाणारा आवाज डबीत पोचत नाही."

तुटका तुकडा जमिनीवर पडला होता. टोकावर नखाएवढी पारदर्शक टोपी होती. पातुम्मायीने फोनसाठी हात पुढे केला.

"उम्मा, ऐकलंस? कशी बोलतेय मी?"

पातुम्मायीने तोंड नवऱ्याच्या दिशेने वळवलं.

"अगदी बापावर गेलीस," ती म्हणाली.

फोन ठेवून तिने चाचपत सुलेमानी चहाचा पेला उचलला आणि नवऱ्यापुढे धरला.

"घसा ओला करा. अर्धा सामना बाकी आहे."