बातमीपुरता लांडगा

“तुमचा लांडगा येतोय ना आज?” ऋतुराजनं जांभई देत विचारलं. कॅमेरा त्यानं केव्हाच खांद्यावरून उतरवून दगडावर ठेवला होता.

“येईल की. जरा दम धरा,” बिभीषण म्हणाला आणि त्यानं वरच्या झुडपांकडं चोरून पाहिलं.

खुलताबादच्या वरच्या माळावर त्याच्या बापाची, सोनाजीची, मेंढरं चरत होती. प्रत्येकीच्या गळ्यात बिभीषणच्या कंपनीचा पट्टा होता. मेंढरू बिथरून पळालं की पट्ट्यातला सायरन कर्कश वाजायचा आणि लांडगा धूम ठोकायचा. निदान तशी आशा होती. चिकलठाण्यातल्या भाड्याच्या शेडमध्ये बिभीषण आणि कॉलेजपासूनची त्याची मैत्रीण प्रांजली यांनी रक्ताचं पाणी करून तो पट्टा बनवला होता. पण कंपनीचं नावच कुणाला ठाऊक नव्हतं. पत्रकार परिषद घेतली, तर मंडळींनी पोहे चापले आणि बातमी गिळली. पुण्याचा गुंतवणूकदार म्हणाला, या महिन्यात कुठंतरी झळका, नाहीतर आपला रामराम. शेवटी टीव्हीवाला ऋतुराजच खरं बोलला, “पट्ट्याची बातमी होत नसते, साहेब. हल्ल्याची होते.”

मग बिभीषणनं हल्ला ठरवला.

लांडगा घरचाच होता. भुऱ्या, शेडच्या दारात पडून असणारं गावठी कुत्रं, राखाडी अंगाचं, लांबोडक्या तोंडाचं. लांबून पाहणाऱ्यानं लांडगाच म्हणावं. फोनवरचं बटण दाबून सायरनची चाचणी सुरू झाली की तो आधी गळा काढायचा, म्हणून प्रांजली त्याच्यापुढं भाकरीचा तुकडा टाकायची. मग गडी गप्प. शेडमध्ये एक पट्टा वाजायचा, इथं तर अख्खा कळप वाजणार होता. एवढ्या कल्लोळापुढं वाघसुद्धा टिकायचा नाही, असा बिभीषणचा अंदाज. भुऱ्या शेपूट घालून पळणार, कॅमेरा ते टिपणार, की झालं काम! प्रांजलीला हा बेत मुळीच पसंत नव्हता. तरी झुडपामागं भुऱ्याची दोरी धरून तीच बसली होती. सोनाजीला मात्र यातलं काही सांगितलं नव्हतं. हातात कुऱ्हाड घेऊन हिंडणारा हा माणूस, पण ती फक्त मेंढरांसाठी पाला तोडायला. लांडग्यावर त्यानं ती जन्मात उगारली नव्हती. कळपात लांडग्याचाही वाटा असतो, असं तो मानायचा. त्याच्याशी नाटकाची भाषा कोण करणार?

बिभीषणनं रुमाल हलवला. झुडपात दोरी सुटली.

भुऱ्या उताराला लागला. त्याला पाहून पुढची मेंढी उधळली, तिच्यामागं दुसरी, आणि क्षणात सगळा माळ किंचाळू लागला. भुऱ्या थबकला. त्यानं कान टवकारले. आणि मागं वळायचं सोडून तो सुसाट खाली सुटला, थेट कळपात.

मेंढरं एकमेकांवर कोसळली. कोकरं पायाखाली गेली. एका मेंढीचा पाय कपारीत अडकून काडकन मोडला. सोनाजी त्यांना अडवायला आडवा झाला आणि लोंढ्याखाली आला. दगडावर आपटून त्याचं कपाळ फुटलं, कुऱ्हाड हातातून उडाली. तसाच उठत तो धावत येणाऱ्या बिभीषणला ओरडत होता, “मारू नगं! कुत्रं हाय रं ते!” सायरनच्या गोंगाटात ते कुणालाही ऐकू आलं नाही.

बिभीषणला फक्त बापाचं रक्त दिसलं. भुऱ्या पिसाळला, आबाला फाडलं, एवढंच त्याच्या डोक्यात शिरलं.

“उचला कुऱ्हाड!” कॅमेऱ्यामागून ऋतुराज बोंबलला.

बिभीषणनं ती उचलली, तोच भुऱ्यानं झेप घेतली आणि पुढचे दोन्ही पाय बिभीषणच्या छातीवर टेकवले. बिभीषणनं त्याला ढकललं आणि कुऱ्हाड घातली. पहिला घाव पाठीत बसला. तो भीतीचा होता. दुसरा नव्हता. तो पोहे खाऊन गेलेल्यांचा होता, फोन न उचलणाऱ्यांचा होता, त्या पुण्याच्या रामरामाचा होता. तिसरा मानेत बसला आणि भुऱ्या आडवा झाला. रक्त बिभीषणच्या कोपरापर्यंत उडालं.

मेंढरं दमून थांबली तसे सायरनही थांबले. माळावर नुसतं धापा टाकणं उरलं.

प्रांजली धावत आली. एका हातात दोरी होती, दुसऱ्या हातात चुरगळलेली भाकर.

“चावायला नव्हता रे आला तो,” ती रडत म्हणाली. “सायरन वाजला की आपण रोज भाकर द्यायचो ना? भाकर मागत होता तुझ्याकडं.”

सोनाजी तुडवलेल्या कोकरांमध्ये बसला होता. डोळ्यांत उतरणारं रक्त त्यानं पटक्याच्या शेवानं पुसलं.

“लेका,” तो म्हणाला, “लांडगा आला आसता तर येकच घिऊन गेला आसता.”

बिभीषणनं कुऱ्हाड टाकली. तो खाली बसला. लाज वाटली, भयंकर लाज वाटली. तेवढ्यात ऋतुराज कॅमेऱ्याच्या पडद्यावरून नजर न काढता जवळ आला. त्याचा चेहरा फुलला होता.

“जबरदस्त! आजच लावतो. सगळीकडं तुम्हीच दिसणार. फक्त एक घोळ झालाय, मी माइकजवळच ओरडलो, त्यात तुमचा सायरन दबला. पट्ट्याची बातमी आणि पट्ट्याचाच आवाज नको का? एकदा वाजवा बरं.”

“बिभीषण, नको,” प्रांजली म्हणाली.

बिभीषणनं खिशातून फोन काढला. अंगठा रक्तानं चिकट झाला होता, पडदा ऐकेना. त्यानं अंगठा पँटीला पुसला. बापाकडं पाहायचं टाळलं. एवढा एकच आवाज, मग सगळं संपेल, असं स्वतःला बजावलं आणि बटण दाबलं.

माळभर सायरन वाजला. मेला म्हणून सोडलेल्या भुऱ्यानं शेपूट हलवली.