त्र्याहत्तर नवे सभासद

त्र्याहत्तरावा हात वर गेला तेव्हा सुमेधाची पेन्सिल थांबली. आकडा ओळखीचा होता. गेल्या महिन्यात मंचाला बरोबर त्र्याहत्तर नवे सभासद मिळाले होते, आणि त्या आनंदात तिने नानांना पेढा भरवला होता.

दिंडोरीच्या शाळेच्या हॉलमध्ये श्रमिक समाजवादी मंचाची पहिली वार्षिक सभा चालली होती. साल नव्व्याण्णव. द्राक्षबागांची छाटणी तोंडावर आलेली. नाना मंचाचे अध्यक्ष. पंचवटीत राहायचे, तीन पक्ष फुटलेले पाहून थकलेले, पण खादीची इस्त्री कधी मोडू न दिलेले. सुमेधा चिटणीस. नाशिकच्या विमा कचेरीत नोकरी, आणि वर्षभर दर रविवारी पेठ-सुरगाण्याचे पाडे. बागांवर मजुरीला उतरणाऱ्या माणसांची नावं ती वहीत लिहायची. दसऱ्याला चौदा होती, होळीला एकतीस, आखाडात अठ्ठावन्न. माणसं मोजायची तिला इतकी गोडी लागली होती, की एखादा नुसता पाणी प्यायला आत आला तरी ती त्याच्या पुढ्यात अर्ज सरकवी.

त्र्याहत्तर अर्ज एकगठ्ठा आले तेव्हा सगळे एकाच निळ्या शाईत, एकाच वळणदार अक्षरात होते. पाड्यावर कुणी शिकलेला पोरगा असेल, असं समजून तिने सह्या ठोकल्या. वर नानांना म्हणाली, “बघा, साक्षरता वाढतेय.”

मतदानाआधी त्या त्र्याहत्तरांपैकी मनोज नावाचा एक जण उभा राहिला होता. दाढी गुळगुळीत, बुटांना पॉलिश. छाटणीची कात्री त्या हातांनी कधी धरली असेल असं वाटत नव्हतं. त्याने ठराव मांडला होता तोही गोड आवाजात: पुंजाच्या मृत्यूची तक्रार मंचाने मागे घ्यावी, बागायतदारांशी संबंध सलोख्याचे ठेवावेत.

पुंजा म्हणजे कमळाबाईचा नवरा. डिसेंबरात तोंडाला फडकंसुद्धा न देता त्याला औषध फवारायला लावलं, आणि तिसऱ्या दिवशी तो गेला. बागेचा मालक म्हणत होता, हा माणूस माझ्याकडे कामालाच नव्हता. सोमवारी कामगार कचेरीत सुनावणी होती. तक्रार मंचाच्या नावावर होती; मंचाने अंग काढून घेतलं की पुंजा कुणाच्याच बागेत मेला नाही, एवढंच कागदावर उरणार होतं.

सकाळी कमळाबाईने दारातच विचारलं होतं, “ताई, हात वर करायच्या बदली चिठ्ठ्या नाय का टाकता येनार?”

“अहो, आपल्याला कुणाची चोरी आहे?” सुमेधा हसली होती. मंचात सगळं उघड्यावर, हा तर नानांचा पहिला नियम. सभेलासुद्धा कुणीही यावं, कुठंही बसावं. त्या नियमानेच गोरक्ष मुकादम आत आला होता. पाड्यांवरून माणसं आपल्या जीपमध्ये भरून बागांवर नेणारा आणि परत सोडणारा हाच. नानांनी स्वतः उठून त्याला खुर्ची दिली होती. “विरोधकानंही आपलं काम बघावं,” म्हणाले होते.

गोरक्ष बघतच होता. मागच्या भिंतीला खुर्ची तिरकी टेकवून.

सुमेधा नानांच्या कानाशी वाकली. “नाना, मतदान थांबवा. हे सगळे अर्ज एकाच हाताने भरलेत. ही बागायतदारांची माणसं आहेत.”

नानांचा चेहरा उतरला. पण ते म्हणाले, “घटना आपण लिहिली, सुमेधा. त्यात अक्षराची अट नाही. आपल्याला पाहिजे तेव्हा लोकशाही आणि नको तेव्हा पोलीसगिरी, हे मी आयुष्यभर दुसऱ्यांना सुनावलंय.”

तिने हिशेब केला. त्र्याहत्तर आणि अठ्ठावन्न. हरलो. पण हरलो तरी अठ्ठावन्न हात विरोधात जातील, तसं इतिवृत्तात नोंदलं जाईल, सोमवारी तोच कागद साहेबांपुढे ठेवता येईल. अठ्ठावन्न माणसं पुंजाला ओळखतात, हे तरी त्यावरून दिसेल. एवढंही पुष्कळ होतं.

तेवढ्यात चौऱ्याहत्तरावा हात वर गेला.

तो बुधाचा होता. पुंजाला खांद्यावर टाकून दवाखान्यात नेणारा बुधा. मग वाळूचा. मग अक्काबाईचा. गोरक्ष मान वळवत होता, अगदी सावकाश, एकेका रांगेवरून. आणि त्याची नजर जिथं पोचे तिथं हात उगवत होता. कुणी वर पाहत नव्हतं. सुमेधाला मोजायची गरज उरली नाही. शेवटचा हात पुढच्या सतरंजीवरून वर गेला, हिरव्या बांगड्या नसलेला.

“कमळाबाई?” सुमेधाच्या तोंडून निघून गेलं.

कमळाबाई समोरच्या फळ्याकडे पाहत राहिली.

“विरोधात?” नानांनी विचारलं.

सुमेधाने हात वर केला. हॉलमध्ये तेवढा एकच. मागे खुर्चीचे पाय जमिनीला लागल्याचा आवाज झाला. गोरक्ष आता तिच्याकडे पाहत होता.

कमळाबाई उठली. टेबलाशी आली. सुमेधाचं कोपर तिने धरलं आणि पोरीचा हात उतरवावा तसा हलकेच खाली आणला.

“ऱ्हाऊ दे, ताई,” ती पुटपुटली. “तुला सहाची एसटी हाय. आमाला याच्याच जीपमदी बसायचं हाय.”