जेवणाचा रकाना

गोष्ट २००३ सालची. समुद्रापलीकडच्या एका देशाने विमान कंपनीला फर्मान धाडलं: सुरक्षेसाठी प्रत्येक प्रवाशाची सगळी माहिती आधी पाठवा, तो जेवतो काय तेसुद्धा.

"नाव घ्या, पासपोर्ट घ्या, बॅगा उलट्यापालट्या करा, माझी ना नाही," आरक्षणाच्या बाई साहेबांना म्हणाल्या. "पण ताटावरून माणसाचा धर्म कळतो, आजार कळतो. ते मी परक्याच्या हाती देणार नाही."

"बाई, आपल्याला काय करायचंय? रकाना भरा आणि मोकळ्या व्हा!"

बाईंनी भरला. दोनशे बारा प्रवाशांपुढे एकच शब्द लिहिला: 'बालआहार'. विमानात जेवण चढवणारेही तीच यादी वाचतात, हे मात्र त्या रागाच्या भरात विसरल्या. त्या दिवशी एका न्यायाधीशांसकट सगळ्यांच्या पुढ्यात गुरगुट्या भात आला, वर एकेक कागदी टोपी.

"माफी मागा, नोकरी वाचेल," साहेब म्हणाले.

"भाताची मागते. रकान्याची नाही."

साहेबांनी हाती नारळ दिला. बाई पुढे बसची तिकिटं विकू लागल्या. तिथे 'खिडकी हवी का' एवढंच विचारायचं असे. साहेब चढत चढत कंपनीचे मुख्य झाले, मग निवृत्त झाले. परवा त्याच देशात मुलाकडे जायचं ठरलं, तेव्हा वीस वर्षांनी त्यांनी बाईंना फोन केला.



"बाई, मला मधुमेह झालाय हो, पण ते त्या लोकांना कशाला कळायला हवं? रकान्यात काय लिहू?"